कुलाब्याने टिपलेलं सूर्याचं वादळ
१ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज खगोलनिरीक्षकाला सौरडागांच्या समूहावर अचानक लखलखाट, म्हणजे सौरज्वाळा, दिसला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं. तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेने चुंबकीय क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदवली. इतकी मोलाची नोंद आपल्या मुंबईतली, याचा मला फार अभिमान वाटतो. (पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या, म्हणून चुंबकीय नोंदींचं हे काम अलिबागला हलवलं.)

सौरज्वाळेमुळे पाऊस लांबतो किंवा माणसं भडकतात, असं मात्र समजू नये. अलेक्झांडर चिझेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने क्रांत्यांचा संबंध सौरडागांशी जोडला होता, पण तो सिद्ध झालेला नाही. खरा धोका उपग्रहांना, रेडिओसंपर्काला आणि वीजवाहिन्यांना असतो. मार्च १९८९मध्ये अशाच वादळामुळे कॅनडातला क्वेबेक प्रांत सुमारे नऊ तास अंधारात होता.