धुऱ्यावरचे मरण

१९७९ सालच्या हिवाळ्यात, पऱ्हाटीची दुसरी वेचणी चालू असता, आमचे थोरले काका धामणगाव बढे येथल्या शेताच्या धुऱ्यावर पाणी प्यायला म्हणून टेकले, आणि तांब्या ओठांशी जाण्यापूर्वीच एका कुशीवर कलंडले. वय बावन्न. वेचणीच्या बायांनी हाका मारल्या, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी तळपाय चोळले. गाडी जुंपून त्यांना गावात आणीपर्यंत करण्यासारखे काही उरले नव्हते. तेराव्यापर्यंत जो येई तो एकच वाक्य बोले : पुण्यवान माणूस, अंथरुणाला खिळला नाही, कुणाला त्रास दिला नाही. त्या वाक्याने आजीला धीर आला हे मी पाहिले आहे, म्हणून त्याची मला आजही अवहेलना करवत नाही. परंतु त्याच वाक्याने काका का गेले या चौकशीचे दार चाळीस वर्षांकरिता बंद झाले, हेही तितकेच खरे आहे.

वऱ्हाडच्या मुलकी कारभारात जन्ममृत्यू कोतवाल बुकात दाखल करण्याची वहिवाट जुनी. नोंद करणाऱ्यास वैद्यकाचे शिक्षण नसल्यामुळे ‘ताप’ या एकाच सदराखाली नाना प्रकारची मरणे जमा होत, आणि पुढील काळात अकस्मात मरणासाठी ‘हृदयक्रिया बंद पडून’ हे शब्द रूढ झाले. हृदयक्रिया तर प्रत्येकच मरणात बंद पडते; ती कशाने पडली, हा प्रश्न त्या शब्दांनी सुटत नाही.

विहिरीवरच्या पंपाचा दृष्टांत घेतला तर शेतकऱ्याला हृदयविकाराचा झटका आणि अकस्मात मरण यांतला भेद लवकर उमगतो. नळीत गाळ बसून पाणी अडावे तसा रक्तवाहिनीतला प्रवाह अडतो, तो हृदयविकाराचा झटका. आणि पंप चालविणारी वीजच भरकटावी तशी हृदयाच्या खालच्या कप्प्यांतली विद्युत्‌लय बिघडून ते आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात, त्याचा परिणाम म्हणजे हे अकस्मात मरण. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते, आणि जुन्या झटक्याचा व्रण वर्षानुवर्षे मुका राहून एखाद्या दुपारी अकस्मात दुसऱ्याला जन्म देऊ शकतो. थरथर सुरू झाली की काही सेकंदांत शुद्ध हरपते, आणि विजेचा धक्का देण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबागणिक वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते.

हा धक्का जगाला ठाऊक नव्हता असे नाही. १८९९ साली जिनीव्हात प्रेव्हो आणि बात्तेली यांनी तो कुत्र्यांवर पडताळला होता. १९४७ साली क्लीव्हलंडमध्ये क्लॉड बेक यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाचे उघडे हृदय त्याने पूर्ववत चालते केले. १९५६ साली पॉल झोल यांनी छाती न उघडताच तो देऊन दाखविला. उणीव होती ती रोग्यापाशी वेळेवर पोहोचण्याची. ती ज्याला सर्वांहून अधिक बोचली तो मिशेल मिरोव्स्की हा वॉर्सात जन्मलेला, महायुद्धात किशोरवयातच घरदार गमावलेला डॉक्टर. १९६६ साली इस्रायलमध्ये त्याचे गुरू आणि वरिष्ठ हॅरी हेलर अशाच विकाराने गेले. त्यांना आधी लयबिघाडाचे झटके येऊन गेले होते, धोका सर्वांना दिसत होता. पण मनुष्य आयुष्यभर रुग्णालयाच्या खाटेवर कसा राहणार? तेव्हा रुग्णालयच लहान करून माणसाच्या देहात ठेवावे, हा विचार त्या शोकातून उपजला.

१९६८ साली तो बाल्टिमोरच्या सायनाय रुग्णालयात आला, आणि मॉर्टन मोवर या सहकाऱ्यासह कामाला लागला. १९७२ साली बर्नार्ड लाऊन यांनी या कल्पनेवर जाहीर टीका केली, आणि ती साधी नव्हती, कारण एकदिश विद्युत्‌प्रवाहाचा धक्का उपचारात रूढ करणारे ते स्वतःच होते. मिरोव्स्कीने चित्रफीत दाखविली : कुत्रा कोसळतो, आतले यंत्र धक्का देते, कुत्रा उठून शेपूट हलवितो. कुत्र्याला पडण्याची शिकवण दिली असेल, अशीही शंका घेण्यात आली, म्हणून पुढे हृदयाचा आलेख सोबत दाखवावा लागला. अखेर ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लेव्ही वॉटकिन्स या शल्यविशारदाने एका स्त्रीच्या देहात पहिले यंत्र बसविले. आमच्या धुऱ्यावरची माती कोरडी होत होती तोच हा हिवाळा. यंत्र आणि धुरा यांत तेव्हा किती अंतर होते याचा हिशेब मी अनेकदा मांडला आहे, आणि तो कधीच नीट जुळलेला नाही.

१९८५ साली अमेरिकन सरकारची मान्यता मिळाली. प्रारंभीचे यंत्र पाव किलोच्या सुमाराचे, पोटात ठेवावे लागे, आणि त्याकरिता छाती उघडावी लागे. आज ते गळपट्टीच्या हाडाखाली मावते, शिरेतून तार हृदयात जाते, आणि वजन सत्तर ग्रॅमच्या आसपास असते. प्रारंभी मृत्यूच्या दारातून परतलेल्यांपुरते असलेले हे साधन २००२ साली एका मोठ्या चाचणीने पुढे नेले : झटक्यानंतर ज्यांच्या हृदयाची रक्त ढकलण्याची शक्ती तीस टक्के वा त्याहून कमी उरली होती, अशा बाराशेंवर रोग्यांपैकी ज्यांना यंत्र बसविले त्यांचा मृत्यूचा धोका इतरांच्या तुलनेत ३१ टक्क्यांनी घटला. म्हणजे धोका घडण्यापूर्वीच ओळखता येतो, आणि तो ओळखण्यास इकोची तपासणी पुरते. माझी खरी तळमळ येथे आहे. यंत्राची किंमत काही लाखांत जाते हे मला ठाऊक आहे. परंतु झटक्यातून बचावून गावी परतलेल्या माणसाचा काही महिन्यांनी फेर-इको व्हावा, एवढी दक्षता तर यंत्राहून कितीतरी स्वस्त आहे. २०१४ पासून १०८ क्रमांकावर येणाऱ्या ९३७ रुग्णवाहिका महाराष्ट्रात सुरू झाल्या, हे मोठेच काम झाले. तरीही थरथरत्या हृदयाची मिनिटे शिवाराच्या पाऊलवाटेवर मोजायची तर कोणतीही गाडी उशिराच पोहोचते, आणि तोवर छाती दाबत राहणारे शेजारचे दोन हातच काय ते उपयोगी पडतात.

काकांचा थोरला मुलगा, माझा चुलतभाऊ, याला सात वर्षांपूर्वी झटका आला. तो वाचला, पण तीन महिन्यांनी इको झाला तेव्हा ती शक्ती अठ्ठावीस टक्के निघाली. शहरातल्या डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून विचारले, “तुमच्या घरात कुणी असे एकाएकी गेले होते का?” आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. मग दादा हळूच म्हणाला, “हो. आमचे बाप. पाणी प्यायला बसले होते.” डॉक्टरांनी ते लिहून घेतले.

यंत्र बसले. जमिनीचा तुकडा विकावा लागला, त्याविषयी दादा बोलत नाही. गेल्या वर्षी आषाढात डवऱ्यामागून चालताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीवर कुणी लाथ मारावी तसा धक्का बसला, आणि तो गुडघ्यांवर खाली बसला. नातू घाबरून रडू लागला. दादाने त्याला जवळ ओढले, बैल सोडायला सांगितले, आणि धुऱ्यावर बसून पाणी मागितले.