हिमस्खलनाचा धोका कसा ओळखावा

हिमाचल प्रदेशातील रोहतांग खिंड समुद्रसपाटीपासून सुमारे ३,९७८ मीटर उंचीवर आहे. तिच्याजवळील पर्वतातून काढलेला बोगदा २०२० साली वाहतुकीस खुला झाला. तोपर्यंत लाहौलच्या रहिवाशांना हिवाळ्यात कुलूकडे उतरण्यासाठी प्रसंगी ही खिंड पायीच ओलांडावी लागे. हिमाच्छादित उतार वरून सर्वत्र सारखाच शुभ्र व शांत दिसतो. परंतु तो पांथस्थाचा भार सोशील किंवा नाही, हे त्या शुभ्रतेखाली दडलेल्या थरांवर अवलंबून असते.

प्रत्येक हिमवृष्टीबरोबर एक नवा थर साचतो. जमिनीलगतच्या हिमाचे तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पृष्ठभाग मात्र रात्री त्याहून कितीतरी थंड होतो. हिमाचा साठा पातळ असल्यास या फरकामुळे तळाची बाष्पे वेगाने वर सरकतात आणि तेथे साखरेच्या दाण्यांसारखे सुटे स्फटिक तयार होतात. त्यांवर वाऱ्याने घट्ट केलेला नवा थर बसला, म्हणजे सुट्या वाळूवर तिरपी फरशी ठेवावी तशी स्थिती होते. एका मनुष्याच्या भारानेही खालचा दुर्बल थर मोडतो, तडा दूरवर पसरतो व वरची सबंध लादी घसरू लागते. अशा हिमस्खलनांत सापडलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ते त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या भारानेच सुरू झालेले असते.

धोका अजमावताना प्रथम उताराकडे पाहावे. सुमारे ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत घातक होत. त्याहून सौम्य उतारावर हिम सहसा टिकून राहते आणि फार उभ्या कड्यावर ते साचतच नाही. मात्र सौम्य उतारावरून जाणाऱ्यानेही डोक्यावरील उभा उतार विसरू नये. त्यानंतर हवामान पाहावे. एका दिवसात ३० सेंटिमीटर वा अधिक हिम पडणे, वाऱ्याने ते आडोशाच्या बाजूस लोटले जाणे, अथवा एकाएकी ऊब वाढणे, ही धोक्याची लक्षणे होत. पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज येणे किंवा हिमात तडे जाणे, ही तर उघड सूचनाच समजावी.

जाणकार सुरक्षित जागी खड्डा खणून थर तपासतात. ३० सेंटिमीटर लांबीरुंदीचा हिमाचा स्तंभ मोकळा करून त्यावर फावडे ठेवतात आणि हाताने क्रमशः अधिक जोराचे आघात करतात. स्तंभ थोड्याच आघातांत सरकला, तर उतार टाळावा; न सरकला, तरी शेजारचा उतार निर्धोक आहे असे सिद्ध होत नाही.

भारतात या विषयाच्या अभ्यासासाठी १९६९ साली मनाली येथे स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तरीही ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा या शिखरावर प्रशिक्षणार्थी गिर्यारोहकांवर हिमस्खलन कोसळून पंचवीसहून अधिक जणांचा अंत झाला. हिमाखाली गाडला गेलेला मनुष्य पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढला गेल्यास त्याच्या जगण्याची आशा बरीच असते; अर्ध्या तासानंतर ती फारच थोडी उरते. म्हणूनच संशयास्पद उतारावर एका वेळी एकानेच जावे व इतरांनी त्याच्यावर दृष्टी ठेवावी. आणि संशय फिटत नसेल, तर परत फिरण्यात कमीपणा मानू नये.