डेस्कटॉप संगणकासाठी रॅमची निवड

सुटे भाग जोडून तयार केल्या जाणाऱ्या, म्हणजेच 'असेंबल्ड' डेस्कटॉप संगणकात कोणत्या पिढीची, किती क्षमतेची व किती पट्ट्यांत विभागलेली रॅम बसवावी हे ठरविणे, यास रॅमची निवड असे म्हणतात. रॅम ही संगणकाची तात्पुरती स्मृती होय. चालू असलेले कार्यक्रम व त्यांची माहिती तिच्यात राहते आणि वीज जाताच नाहीशी होते. आजच्या रॅमचे मूळ असलेली 'डायनॅमिक रॅम' आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ साली शोधली.

पिढी

डीडीआर४ रॅम २०१४ पासून वापरात आली. डीडीआर५ चे मानक २०२० साली जाहीर झाले. दोन्हींच्या पट्ट्यांना २८८ पिना असल्या तरी खाचेची जागा वेगळी असल्याने एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. त्यामुळे मदरबोर्ड निवडतानाच रॅमची पिढी ठरते. एएमडीच्या एएम५ मदरबोर्डांवर केवळ डीडीआर५ चालते. इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीच्या प्रोसेसरांबाबत मात्र हे मदरबोर्डावर अवलंबून असते.

क्षमता

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आवश्यक आहे. परंतु ती केवळ प्रवेशाची अट होय. साध्या लेखनासाठी ८ जीबी, अभ्यास, प्रोग्रामिंग व सर्वसाधारण वापरासाठी १६ जीबी आणि चित्रफीत-संपादनासाठी ३२ जीबी हे प्रमाण सामान्यतः पुरेसे ठरते. मजकूर स्वतः फारशी जागा घेत नाही. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे ५ लाख चिन्हांचे हस्तलिखितही सुमारे दीड एमबीचेच असते. जागा व्यापतात ती ब्राउझरची उघडी पाने. रॅम अपुरी पडल्यास संगणक डिस्कचा आधार घेतो व मंदावतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसल्यास रॅमचा काही भाग चित्रदर्शनासाठीही खर्च होतो.

एक पट्टी की दोन

बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांना स्मृतीशी जोडणाऱ्या दोन वाहिन्या असतात. डीडीआर४-३२०० रॅमची एक वाहिनी सेकंदाला कमाल २५.६ जीबी माहिती वाहते. दोन्ही वाहिन्या मिळून ५१.२ जीबी. म्हणून १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या अधिक लाभदायक ठरतात. अंतर्गत ग्राफिक्स असलेल्या संगणकात हा फरक विशेष जाणवतो.

पैसे ८ जीबीपुरतेच असतील आणि मदरबोर्डावर दोनच स्लॉट असतील, तर ४ जीबीच्या दोन पट्ट्यांनी दोन्ही स्लॉट अडतात. पुढे वाढ करताना जुन्या पट्ट्या काढून टाकाव्या लागतात. अशा वेळी ८ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवणे हिताचे असते. नंतरची पट्टी शक्यतो त्याच बनावटीची घ्यावी. भिन्न पट्ट्या एकत्र चालतीलच अशी खात्री नसते आणि चालल्या तरी सामान्यतः मंद पट्टीचा वेग दोन्हींना लागू होतो.

वेग

केवळ मोठा आकडा पाहून वेग ठरत नाही. सीएल१६ असलेली डीडीआर४-३२०० आणि सीएल३० असलेली डीडीआर५-६००० या दोहोंचा हा प्रारंभिक विलंब १० नॅनोसेकंदच असतो. डीडीआर५ चा लाभ अधिक माहिती वाहून नेण्यात आहे. छापील वेग मिळण्यासाठी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो ही सोय बहुधा स्वतः चालू करावी लागते. चारही स्लॉट भरल्यास वेग घटू शकतो. रायझन ७००० मालिकेसाठी डीडीआर५ चा अधिकृत वेग दोन पट्ट्यांना ५२००, तर चार पट्ट्यांना ३६०० आहे.

जोडणीनंतरची तपासणी

चार स्लॉट असल्यास दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरकडून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवितात. नेमकी जागा मदरबोर्डाच्या पुस्तिकेत दिलेली असते. राजूरसारख्या गावातून जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जाऊन जोडणी करून घेणाऱ्यास किरकोळ चुकीसाठीही पुन्हा खेप घालावी लागते. म्हणून दुकानातच विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये एकूण रॅम, तिचा वेग व वापरलेले स्लॉट पाहून घेणे आणि पावतीवर पट्टीचा क्रमांक व हमीचा कालावधी लिहून घेणे उपयुक्त ठरते.