एक दुकान, अनेक अडते

दोन वर्षांपूर्वी पर्युषण पर्वात आमच्या संघाच्या संकेतस्थळावर प्रवचनांचे वेळापत्रक प्रसिद्ध झाले, आणि त्याच्याच शेजारी कोंबडीच्या मांसाची जाहिरात झळकली. एका ज्येष्ठ सभासदांनी सकाळी दूरध्वनी करून एवढेच विचारले, "हे आपणच छापले काय?" आम्हांस उत्तर देता आले नाही. मांसाचा वर्ग आम्ही एका जाहिरात-नेटवर्कात बंद केला होता. दुसऱ्यात तो उघडाच राहिला होता.

एकाच संकेतस्थळावर दोन-तीन नेटवर्के ठेवावीत की नाही, हा प्रश्न आमच्या सभासदांपैकी अनेकांपुढे आता येत आहे. व्यापाऱ्यास तो परका नाही. बाजारपेठेत माल एकाच अडत्याकडे द्यावा की चौघांकडे, हाच तो प्रश्न.

गूगलची अ‍ॅडसेन्स योजना 2003 साली निघाली. त्याच पानावर इतरांच्या जाहिराती लावण्यास तिची मनाई नाही. मात्र त्या गूगलच्याच आहेत असा वाचकाचा गैरसमज होता कामा नये. आरंभी लोक उतरंडीची रीत पाळीत. रिकामी जागा पहिल्या नेटवर्कास दाखवावयाची, त्याने नाकारली तर दुसऱ्यास, मग तिसऱ्यास. हे एकेका दुकानाच्या पायऱ्या चढून भाव विचारण्यासारखे झाले. तिसऱ्या दारी कदाचित अधिक भाव मिळाला असता, पण तेथवर आपण पोहोचतच नाही. 2015 च्या सुमारास दुसरी रीत रुळली. पान उघडताच सर्व खरेदीदारांस एकदम बोली विचारावयाची आणि सर्वांत चढ्या बोलीस जागा द्यावयाची. प्रीबिड नावाची मोफत आज्ञावली याच कामासाठी त्या वर्षी पुढे आली. गुळाच्या सौद्यात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांस हा गुप्त लिलाव समजावून सांगावयास नको.

तथापि बोली लावणारे वाढले म्हणजे उत्पन्न त्याच प्रमाणात वाढते, हा भ्रम आहे. पुष्कळदा एकच जाहिरातदार दोन नेटवर्कांतून आपल्याच दारी येतो. गिऱ्हाईक एक, दलाली मात्र वाटेतल्या प्रत्येकाची. शिवाय प्रत्येक नेटवर्काची आज्ञावली पानाचा भार वाढविते, आणि पान उघडावयास वेळ लागला की वाचक परत फिरतो.

खरी अडचण वसुलीची. अ‍ॅडसेन्सच्या खात्यात 100 डॉलर जमेपर्यंत रक्कम हाती येत नाही. समजा, महिन्यास 60 डॉलर मिळतात. एकाच खात्यात ते जमले तर दुसऱ्याच महिन्यात मर्यादा ओलांडली जाते. तेच तीन ठिकाणी वीस-वीस वाटले आणि तिन्हींची मर्यादा शंभरच असली, तर पाच महिने वाट पाहा. लहान संकेतस्थळाने तीन खाती उघडणे म्हणजे भांडवल उधारीत गुंतविणे होय. आमच्या खजिनदारांस हे अद्याप पटलेले नाही. तिसऱ्या नेटवर्काचा अर्ज त्यांच्या खणात तयार आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. संकेतस्थळाच्या मुळाशी अ‍ॅड्स.टेक्स्ट नावाची एक यादी ठेवावी लागते. आपली जागा विकण्याचा अधिकार कोणास दिला आहे, हे तीत ओळीओळीने लिहावयाचे असते. तोतया विक्रेत्यांस आळा घालण्यासाठी 2017 साली ही पद्धत निघाली. नवे नेटवर्क घेतले आणि त्याची ओळ घालावयाची राहिली, तर अनेक खरेदीदार बोलीच लावीत नाहीत. आमची अशी एक ओळ राहून गेली होती. त्या महिन्याचे उत्पन्न पाहून आम्ही उगीच नेटवर्कास बोल लावला.

परंतु पैशापेक्षा पहिला प्रश्न आम्हांस मोठा वाटतो. मद्य, मांस, जुगार ही सप्तव्यसनांतील तीन नावे जाहिरातींच्या बाजारात मोठी गिऱ्हाइके आहेत. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस व त्यांच्या जाहिरातींस 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी केली. बाकीच्यांची जबाबदारी आपलीच. वर्ग बंद करण्याची सोय एका नेटवर्कात केली म्हणून ती दुसऱ्यास लागू होत नाही. प्रत्येक खात्यात ती निराळी करावी लागते, आणि वर्गाच्या चाळणीतून निसटलेल्या जाहिरातदाराचा पत्ता हाताने रोखावा लागतो.

तूर्त आम्ही दोनच नेटवर्के ठेवली आहेत, आणि सर्वांत वरची जागा सभासदांच्या स्वतःच्या जाहिरातींसाठी राखली आहे. पर्युषणापूर्वी आठ दिवस दोन्ही खात्यांतील याद्या पुन्हा तपासावयाच्या, असे चिटणिसांनी कार्यालयातील दिनदर्शिकेवर तांबड्या शाईने लिहून ठेवले आहे.