थरथरत्या हाताचं बटण

बटण दाबलं की दिवा लागतो, एवढंच आपल्याला दिसतं. पण आतल्या धातूच्या दोन पट्ट्या आदळल्याबरोबर चिकटून बसत नाहीत. काही मिलिसेकंद जुळतात, सुटतात, पुन्हा जुळतात. आपल्याला याचा पत्ताही लागत नाही. आर्डुइनो उनोसारख्या साध्या बोर्डावरची चिप मात्र सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके घेते. तिच्या लेखी तुम्ही बटण एकदा नव्हे, अनेकदा दाबलेलं असतं. म्हणून प्रोग्राममध्ये एक ओळ लिहावी लागते: एकदा दाबलेलं कळलं, आता पुढचे ५० मिलिसेकंद काही ऐकू नकोस.

आता हेच बटण दाबल्यावर शब्द बोलणाऱ्या यंत्राला जोडा आणि सेरेब्रल पाल्सीमुळे बोलता न येणाऱ्या एखाद्या मुलीच्या हाताखाली ठेवा. हात बटणापर्यंत पोचतो, पण पोचल्यावरही झटके देत राहतो. तिला एकदाच ‘पाणी’ म्हणायचं असतं. यंत्र ‘पाणी-पाणी-पाणी’ असा धोशा लावतं. इलाज काय? तीच ओळ. ५० खोडून २००० लिहायचे. पट्टीची थरथर आणि हाताची थरथर, दोन्ही चिपच्या लेखी सारख्याच! या एका आकड्याचं मला राहून राहून नवल वाटतं.

बाकी सामान किरकोळ आहे. मेमरी कार्डावरचे आवाज वाजवणारं डीएफप्लेअर मिनी हे टपाल तिकिटाएवढं सर्किट, छोटा स्पीकर, व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये असायची तसली मोठी बटणं. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विचारा, मिळेल. (विजेसाठी पॉवर बँक घेताना जपून. इतका कमी करंट ओढला जातोय हे पाहून काही पॉवर बँका आपणहून बंद पडतात.) शब्द मोबाइलवर रेकॉर्ड करायचे, पण काकांच्या भारदस्त आवाजात नकोत. मुलगी नऊ वर्षांची असेल तर शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलीला बोलवा.

आणि हातच हलत नसेल तर? १९६० साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातल्या हातपाय लुळे पडलेल्या रुग्णांसाठी रेग मेलिंग यांनी श्वासावर चालणारं यंत्र बनवलं: नळीत फुंकायचं किंवा ओढायचं, टाइपरायटर चालतो. स्टीफन हॉकिंग पुढे गालाच्या एका स्नायूवर लिहीत. चष्म्याला लावलेला इन्फ्रारेड सेन्सर गालाची हालचाल टिपायचा.

एका हालचालीत सगळी अक्षरं कशी मावतात? यंत्र अक्षरांवरून दिवा फिरवत राहतं, हवं तिथे आपण ‘हो’ म्हणायचं. ६४ घरं एकेक करून फिरली तर शेवटच्या घरासाठी ६४ पावलं थांबावं लागेल. आठ-आठच्या ओळी करा, आधी ओळ निवडा, मग घर: फार तर १६ पावलं. मराठीत आणखी एक सोय करता येते. ‘प’ निवडला की यंत्राने पुढच्या फेरीत काना-वेलांट्या आधी दाखवायच्या. ‘पाणी’ लवकर उमटतं.

‘यंत्र दिलं तर पोर बोलायचंच सोडेल,’ ही घरोघरची धास्ती. याच प्रश्नावरच्या अभ्यासांचा एक आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या भक्कम पुराव्याच्या नोंदींत एकाही व्यक्तीचं बोलणं कमी झालेलं आढळलं नाही. बहुतेकांचं थोडंफार वाढलं.

सोल्डरिंग गनला हात घालण्याआधी एखाद्या स्पीच थेरपिस्टला जरूर भेटा. कुठली हालचाल भरवशाची आहे, हे तेच नीट सांगतील. मुंबईत वांद्र्याला वाचा-श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग संस्था आहे. टॅबलेट परवडत असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्रांचं ॲप फुकट मिळतं. आणि घरी चार बटणांचं यंत्र केलंत, तर चारही बटणं पाणी, भूक, शू, झोप यांनी भरू नका. एक ‘नको’साठी ठेवा.