बेडीचा जोड आणि तिची चावी

जुन्या पोलिसी बेड्या जमवणाऱ्याच्या हाती नवा जोड आला की तो आधी चावी आहे का ते विचारतो. त्यातून जोड बर्मिंगहॅमच्या ‘हायट’चा, म्हणजे ‘डार्बी’ असेल, तर चावीवाचून सगळंच अडतं. हायट ही १७८० सालापासूनची कंपनी. डार्बीच्या चावीला आटे असतात. ती भोकात पिळत न्यावी, तसतसा आतला खटका स्प्रिंगला दाबत मागे ओढला जातो आणि कडं सुटतं. कुलपं हातानं जुळवलेली, त्यामुळे दिसायला अगदी सारख्या दोन जोडांची चावी एकमेकांना लागेलच असं नाही. म्हणूनच लोखंडावर ठोकलेले आकडे आणि छाप यांना हात लावू नये. गंज काढायच्या नादात पॉलिश पेपर घासणारा माणूस त्या जोडाची ओळखच पुसून टाकतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

डार्बीची खोट तिच्या ठरावीक मापात होती. बारीक मनगट निसटायचं, जाड मनगट आत मावायचं नाही. शिवाय काही जोड नेमक्या जागी जोरात आपटले की खटका सरकून उघडायचे. बेड्यांतून सुटण्याचे खेळ करणाऱ्या जादूगार हुदिनीला हे चांगलं ठाऊक होतं. त्यालाही तासाहून अधिक वेळ झुंजायला लावणारी बेडी बर्मिंगहॅमचीच होती. लंडनच्या हिप्पोड्रोममध्ये १७ मार्च १९०४ रोजी एका वृत्तपत्राच्या आव्हानावरून ती त्याच्या हातात घातली गेली.

मापाचा प्रश्न अमेरिकेत सुटला. १८६२ साली डब्ल्यू. व्ही. ॲडम्स यांनी दात्यांच्या बेडीचं पेटंट घेतलं, आणि कडं मनगटाप्रमाणे आवळता येऊ लागलं. पण आवळणारं कडं कैद्याच्या धडपडीनं आणखी आवळतं, हात सुजतो. जॉन टॉवर यांच्या १८७९ च्या दुहेरी कुलपानं ते जागच्या जागी थांबवलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत माणुसकीची सुधारणा हीच. जॉर्ज कार्नी यांच्या १९१२ च्या पेटंटमध्ये कमान एका अंगानं आरपार फिरते, त्यामुळे ती मनगटावर नुसती दाबली तरी गोल फिरून अडकते. ‘पीअरलेस’ कंपनीनं हीच रचना बाजारात आणली. आजच्या पोलिसांच्या कमरेला दिसते ती बहुधा तिचीच वंशज.

संग्राहकाच्या वहीत वर्ष आणि छाप असतो. भारतातल्या जोडापुढे मी आणखी एक नोंद करीन. तिहारमधल्या एका कच्च्या कैद्यानं, प्रेमशंकर शुक्लानं, बेडीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना तार केली. त्या प्रकरणात १९८० साली न्या. कृष्ण अय्यर यांनी सरसकट बेडी घालणं अमानुष ठरवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नं मात्र सराईत गुन्हेगार आणि ठरावीक गंभीर गुन्ह्यांतले आरोपी यांच्यासाठी पोलिसांना बेडीची मुभा दिली आहे.