पाणी गेलं त्या वाटेने

लॉस एंजेलिसहून उत्तरेला निघालं आणि मोहावीचं वाळवंट मागे पडलं, की हायवे 395 सिएरा नेवाडाच्या भिंतीला लागून धावू लागतो. पश्चिमेकडून, योसेमिटीच्या बाजूने, हे डोंगर हळूहळू चढत येतात आणि पूर्वेला एकदम तुटतात. लोन पाइन हे गाव साधारण 3,700 फुटांवर आहे आणि त्याच्या डोक्यावरचं माउंट व्हिटनी 14,505 फुटांवर. म्हणजे एका नजरेत दोन कळसूबाई, एकीवर एक.

ही भिंत पूर्वेकडे तोंड करून उभी असल्यामुळे उजाडतानाचं पहिलं ऊन थेट तिच्यावर पडतं. शिखरं आधी गुलाबी, मग केशरी होतात आणि थोड्याच वेळात सगळं नेहमीसारखं पांढरट दिसू लागतं. दुपारनंतर सूर्य डोंगरामागे उतरतो आणि भिंत सावलीत जाते. थोडक्यात, फोटो हवे असतील तर पहाटे तिथेच असायला हवं. म्हणून ऑक्टोबरात चार दिवसांसाठी आम्ही कॅम्पर व्हॅन भाड्याने घेतली. मी, बायको, कॉलेजात जाणारी लेक आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई.

व्हॅनमध्ये दोन बर्नरची शेगडी, छोटा फ्रीज आणि पंधरा गॅलनची पाण्याची टाकी. घरी एका आंघोळीला जेवढं पाणी लागतं, तेवढ्यात चार माणसांचं स्वयंपाकपाणी, भांडी आणि हात धुणं. पहिल्याच संध्याकाळी आईने ताबा घेतला. मेतकूट-भाताची ताटल्या-पातेली आधी कागदाने पुसायची, मग वाटीभर पाण्यात विसळायची. "आम्ही हंड्याने पाणी आणून वाढलो रे," म्हणाली, "मला नका शिकवू."

लोन पाइनच्या आधी उजव्या हाताला ओवेन्स लेक लागतं. नकाशात ते निळं दिसतं, प्रत्यक्षात बराचसा पांढरा खारट तळ. या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले पायूट लोक याला 'वाहत्या पाण्याची भूमी' म्हणतात. त्यांनी पाट काढून इथे शेतीही केली होती. 1913 साली लॉस एंजेलिसचा कालवा सुरू झाला. 233 मैल, एकही पंप नाही, सगळं पाणी उतारानेच वाहतं. तळ्याला मिळणारी नदीच शहराकडे वळली आणि 1920च्या दशकात तळं कोरडं पडलं. मग वाऱ्याबरोबर तळाची खारट धूळ उडू लागली. ती दाबून ठेवण्यासाठी आता त्याच शहराला तळाच्या काही भागावर पाणी सोडावं लागतं. त्या उथळ पाण्यावर पक्षी परत यायला लागले आहेत.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी फ्रीवे 5 वरून जाताना सिल्मारला टेकडीवरून उतरणारं पाणी पाहिलं असेल. ते याच कालव्याचं. शहराच्या हद्दीत राहणाऱ्यांच्या नळाला यातलं पाणी येतं.

दुसरी पहाट अलाबामा हिल्सच्या गोल गोल खडकांत. साडेसहाच्या आधी ट्रायपॉड उभा, हातात आल्याचा चहा. 1944 साली अँसल अ‍ॅडम्सने 'विंटर सनराइज' हा प्रसिद्ध फोटो याच परिसरात काढला. मोटारीच्या टपावर बसवलेल्या फळीवर तो कॅमेरा लावत असे. चार सकाळी मनासारखा उजेड मिळाला नाही, पाचव्या सकाळी मिळाला. काळ्या टेकडीवर लोन पाइनच्या शाळेतल्या मुलांनी चुन्याने गावाची आद्याक्षरं रंगवली होती. ती अ‍ॅडम्सने निगेटिव्हवरून काढून टाकली. सुंदर चित्रात काय ठेवायचं आणि काय नाही, हे कोणीतरी ठरवतच असतं.

तिथून थोडं उत्तरेला गेलं की मँझनार. नावाचा अर्थ सफरचंदाची बाग. आधी पायूटांची जमीन, मग बागायतदारांचं गाव. 1920च्या दशकात शहराने जमिनी आणि पाण्याचे हक्क विकत घेतले, बागा वाळल्या, गाव उठलं. 1942 साली रिकाम्या जागेवर छावणी उभारली गेली आणि दहा हजारांहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना तिथे डांबलं. त्यांतले बहुतेक अमेरिकेचे नागरिकच होते. अ‍ॅडम्सने 1943 साली इथेही फोटो काढले, पण पहाऱ्याचे मनोरे टिपायची परवानगी नव्हती. बंदिवानांमध्ये तोयो मियाताके हा लॉस एंजेलिसचा व्यावसायिक फोटोग्राफर होता. कॅमेऱ्यांना बंदी असताना त्याने एक भिंग लपवून आत नेलं आणि लाकडाच्या पेटीचा कॅमेरा बनवला. त्याच्या फोटोंत तारांचं कुंपणही आहे. लेक त्या फोटोंपुढे बराच वेळ उभी होती. बाहेर आल्यावर तिने कॅमेरा शिखरांवरून खाली आणला आणि जुन्या बागेतल्या उरल्यासुरल्या झाडांचे फोटो काढत बसली.

आई बाकावर बसून होती. तिचं माहेर कोयनेच्या जलाशयात गेलेलं. ती लहान असताना घरातली भांडीकुंडी बैलगाडीत घालून सगळे निघाले, एवढंच ती आजवर सांगत आली. त्या दिवशी मात्र म्हणाली, "आमच्याकडे पाणी आलं म्हणून उठवलं. इथं पाणी गेलं म्हणून." आणखी काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी बिशपजवळच्या ओढ्याकाठची पिवळीधमक अ‍ॅस्पनची झाडं पाहत मोनो लेक गाठलं. पाण्यातून वर आलेले चुनखडीचे सुळके ही इथली ओळख. तळ्याच्या खाऱ्या पाण्यात तळातून गोडे झरे येतात, दोन्ही पाण्यांतली द्रव्यं एकत्र येऊन हे सुळके घडतात. म्हणजे ते घडतात पाण्याखाली. आपल्याला दिसतात, कारण 1941पासून तळ्याचे ओढेही शहराकडे वळवले गेले आणि पुढच्या चाळीस वर्षांत पाणी सुमारे 45 फूट उतरलं. निगिट बेट काठाला जोडलं गेलं आणि कायोटी चालत समुद्रपक्ष्यांच्या घरट्यांपर्यंत पोहोचले. विद्यार्थी, पक्षीप्रेमी आणि वकील यांनी वर्षानुवर्षं लढा दिला. 1994 साली राज्याच्या जलमंडळाने पातळी 6,392 फुटांपर्यंत वाढू द्यायचा निर्णय दिला. ती अजून गाठलेली नाही. गाठली, तर आज ज्यांचे फोटो काढायला लोक येतात त्यांतले काही सुळके पुन्हा बुडतील.

आई काठावर उभी राहून बघत होती. "मे महिन्यात शिवसागर उतरला की आमच्या देवळाचा वरचा भाग असाच दिसायचा," म्हणाली. "लोक नावेतून जाऊन हात लावून यायचे." लेकीने तेवढ्यात आजीचा पाठमोरा फोटो काढला. पुढे सुळके, मागे उजळलेलं आकाश.

जाणार असाल तर थोडं व्यवहाराचं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर मध्य हा काळ उत्तम. हिवाळ्यात टायोगा पास बंद असतो. अलाबामा हिल्समध्ये मुक्काम ठरवून दिलेल्या जागीच, परवाना घेऊन. अस्वलांच्या भागात खाणं, साबण, टूथपेस्टसुद्धा लोखंडी पेटीत ठेवा, व्हॅनमध्ये नको. रात्री कडाक्याची थंडी पडते, म्हातारी माणसं बरोबर असतील तर जाड रजई घ्या. आणि मँझनारला निदान दोन तास राखून ठेवा.

परत आल्यावर फोटो नातेवाइकांना पाठवले. व्हिटनीच्या केशरी शिखरांना सगळ्यांचे अंगठे आले. मामाचा मात्र मोनो लेकचा फोटो पाहून फोनच आला. "ताई कशापुढं उभी आहे?" मी सुळक्यांबद्दल सांगितलं, पाणी उतरल्याचं सांगितलं. तो क्षणभर थांबला.

"मग एवढं पाणी गेलं कुठं?"

"आमच्याकडे," मी म्हटलं.